पेरोव्हस्काईट सौरपेशी आणि मुंबईची हवा: सादळणार नाहीत ना?

गच्चीवरचा | ६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मुलुंड पूर्वेला आमची चार विंगांची जुनी सोसायटी आहे. गेल्या रविवारच्या सभेत गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचं सामाईक बिल आता अंगावर येतं. ठराव होणारच होता, इतक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने हात वर केला. "काका, थोडं थांबा. पेरोव्हस्काईट येतंय, दोन वर्षांत सिलिकॉन मागे पडेल." त्यावर दुसरे एक सभासद म्हणाले, "ते तर म्हणे पाण्याने खराब होतं!" झालं, सभा तिथेच अडकली. ठराव पुढच्या महिन्यावर गेला आणि घरी येऊन मी वाचायला बसलो.

वाचून थक्क झालो. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने पहिली पेशी केली तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतल्या पेशी २६ टक्क्यांच्या वर आहेत. इतक्या कमी वर्षांत इतकी मजल सिलिकॉनलासुद्धा मारता आली नव्हती. पण लेख कुठलाही घ्या, शेवटी गाडी आर्द्रतेपाशी येऊन थांबते.

आणि आपण राहतो मुंबईत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले कपडे, पुस्तकं, चपला, सगळ्याला कुबट वास येतो. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो: ओलीने या पेशींचं नेमकं होतं काय? त्यावर आजवर काय उपाय निघाले आहेत? आणि आमच्या गच्चीवर त्या टिकतील का?

फोडणी | ६ जुलै, रात्री १०:०२

सादळलेला पापड पुन्हा भाजला की कुरकुरीत होतो. सादळलेली सौरपेशी भाजता येते का? :)

निवृत्त_अभियंता | ६ जुलै, रात्री १०:३१

माझं सगळं आयुष्य वीज क्षेत्रात गेलं, म्हणून स्पष्टच लिहितो. गच्चीवर जे चढवायचं ते २५ वर्षं टिकलं पाहिजे. सिलिकॉनच्या पॅनेलला तेवढी हमी मिळते आणि चांगल्या पॅनेलची क्षमता वर्षाला साधारण अर्धा टक्का घटते. टक्केवारीचे विक्रम प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या तुकड्यावर होतात. मला आकडा सांगायचा तर वर्षांचा सांगा.

पावसाळी | ६ जुलै, रात्री ११:४८

याच विषयावर पीएचडी करते आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. सांभाळून घ्या.

पेरोव्हस्काईट हे मुळात एका खनिजाचं नाव. १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटेनेटला गुस्ताव रोझे यांनी लेव्ह पेरोव्हस्की यांच्या नावावरून ते दिलं. पुढे तशी स्फटिकरचना असलेल्या साऱ्या पदार्थांना तेच नाव पडलं. सौरपेशीत लागतो तो शिसं आणि आयोडीन यांचा सांगाडा, आणि त्या सांगाड्याच्या पोकळीत बसलेला एक धनभारित कण. सुरुवातीच्या पेशींमध्ये हा कण मिथाइलअमोनियमचा असे. थराची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन. तेवढ्यात तो जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश शोषतो, म्हणून तर या पदार्थाचं इतकं कौतुक.

दुखणं त्या पोकळीतल्या कणाचं आहे. मिथाइलअमोनियमला पाण्याची ओढ फार. पाण्याचा रेणू स्फटिकाच्या कडेने, दोन स्फटिककणांमधल्या फटीतून आत शिरतो आणि आधी हायड्रेट, म्हणजे पाणी धरून बसलेलं रूप, तयार होतं. काळपट तपकिरी थर फिका पडत जातो.

आता फोडणी यांचा प्रश्न. गंमतीत विचारला असला तरी अगदी नेमका आहे. या टप्प्यावर तुकडा कोरड्या हवेत नेला तर पाणी निघून जातं आणि थर पुन्हा काळा होतो. म्हणजे पापड भाजता येतो! मात्र भाजलेला पापड पहिल्यासारखा सपाट राहत नाही, तसाच हा थरही राहत नाही. त्यात बारीक भोकं पडतात, कणांची मांडणी बिघडते. आणि ओल मुरतच राहिली तर मिथाइलअमाइन वायू होऊन उडून जातो. मागे उरतं लेड आयोडाइड, हळदीसारखं पिवळंजर्द. तिथून परतीची वाट नाही. सुटलेलं हायड्रोजन आयोडाइड वरच्या चांदीच्या थराला गंजवतं ते वेगळंच.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत शनिवारी-रविवारी आमच्या खोलीतलं हवा कोरडी करणारं यंत्र बंद पडलं. सोमवारी सकाळी दार उघडलं तर डबीतल्या बाराच्या बारा काचा पिवळ्या. तीन आठवड्यांची मेहनत होती. मी त्या काचा समोर ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. मग एक गोष्ट दिसली: एकही काच मधून पिवळी पडायला लागलेली नव्हती. सगळ्या कडेकडून आत पिवळ्या होत गेल्या होत्या.

फोडणी | ७ जुलै, सकाळी ७:१५

पावसाळीताई, बारा काचांचं वाचून वाईट वाटलं. पापडाचा प्रश्न विचारल्याचं सार्थक झालं. आजीचा नियम होता, डब्याचं झाकण कितीही घट्ट असो, ओल्या हाताने पापड काढला की डबा गेला. ओल बाहेरून येते तशी आतही ठेवली जाते.

मिठागर | ७ जुलै, सकाळी ९:३०

विषय सौरपेशींचा आहे, पण सादळण्याचा धागा दिसला आणि राहवलं नाही. आमची मागची पिढी भाईंदरच्या मिठागरांवर. मुलुंड, भांडुप, कांजूर, वसई, सगळ्या खाडीकाठाला आगरं होती.

शुद्ध मीठ तसं सोशिक असतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत ते पाणी धरत नाही. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते तेहेतीस टक्क्यांनाच पाझरायला लागतं. म्हणून जुनी माणसं नवं मीठ लगेच पोत्यात भरत नसत. रास करून ठेवायची, आतलं कडू पाणी निथळू द्यायचं. पावसाआधी रास गवताने शाकारायची. दोष मिठाचा कमी आणि सोबत आलेल्या भेसळीचा जास्त.

तुमच्या पेशीत असं मॅग्नेशियम क्लोराइडसारखं काही असतं का?

पावसाळी | ७ जुलै, दुपारी १:२०

मिठागर काका, असतं! हे उदाहरण मी आता माझ्या सादरीकरणात वापरणार, तुमची परवानगी गृहीत धरते.

पेशीत पेरोव्हस्काईटच्या दोन्ही बाजूंना विद्युतभार वाहून नेणारे थर असतात. त्यातला एक गाजलेला थर स्पायरो-ओमेटॅड नावाच्या सेंद्रिय पदार्थाचा. तो एकटा नीट वाहत नाही, म्हणून त्यात लिथियमचं एक क्षार मिसळतात. ते क्षार इतकं पाणी ओढतं की उघडी बाटली बघता बघता चिकट होते. म्हणजे ज्या थराने पेरोव्हस्काईटवर पांघरूण घालायचं, तोच ओल बोलावतो. म्हणून आता अनेक गट उलट्या मांडणीकडे वळले आहेत. त्यात काचेच्या बाजूला एका रेणूच्या जाडीचा थर आपोआप रचला जातो आणि लिथियमचं क्षार लागतच नाही. दुसरा मार्ग कार्बनच्या इलेक्ट्रोडचा. कार्बन पाण्याला दूर ठेवतो आणि गंजतही नाही.

खुद्द पेरोव्हस्काईटमध्येही बदल झाले. मिथाइलअमोनियम कमी करून किंवा काढून टाकून फॉर्मामिडिनियम आणि सीझियम यांचं मिश्रण घेतात. फॉर्मामिडिनियम एकटं घेतलं तर ते खोलीच्या तापमानाला काळ्यातून पिवळ्या रूपात उतरतं आणि ओलीने हे उतरणं झपाट्याने होतं. सीझियमचा लहान कण मिसळला की सांगाडा नीट आवळला जातो.

आणि तुमची शाकारणी! तीही आहे. पेरोव्हस्काईटच्या वर लांब सेंद्रिय शेपट्या असलेल्या अमोनियमचा पातळ थर देतात, त्याला द्विमितीय पेरोव्हस्काईट म्हणतात. शेपट्या तेलकट असल्याने पाणी आत शिरायला कचरतं. २०१४ साली स्टॅनफर्डच्या एका गटाने असे थर ५२ टक्के आर्द्रतेत ४६ दिवस ठेवून पाहिले, ते टिकले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने द्विमितीय आणि त्रिमितीय यांचा मेळ घालून, कार्बनचा इलेक्ट्रोड लावून, १० बाय १० सेंटिमीटरचं मोड्यूल वर्षभर टिकवलं. कार्यक्षमता ११.२ टक्के होती, विक्रमापासून बरीच दूर. शाकारणी जाड केली की पाणी अडतं, पण वीजही अडते. आमची निम्मी भांडणं या जाडीवरून होतात.

निवृत्त_अभियंता | ७ जुलै, दुपारी ३:०५

५२ टक्के आर्द्रता म्हणजे मुंबईतली जानेवारीतली दुपार. जुलैत सांताक्रूझला ८५ टक्के ही रोजची गोष्ट आहे.

पावसाळी | ७ जुलै, संध्याकाळी ६:४४

मान्य, काका. म्हणूनच आयईसी ६१२१५ या सौर पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दमट उष्णतेची चाचणी आहे. ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रता, सलग १००० तास. सिलिकॉनचं पॅनेलही यातूनच पास होऊन येतं. २०२० साली सिडनीच्या संशोधकांनी काच आणि पॉलिआयसोब्यूटिलीन यांच्यात पेशी बंद करून या चाचणीत १८०० तासांहून जास्त काढले.

निवृत्त_अभियंता | ७ जुलै, संध्याकाळी ७:१०

१००० तास म्हणजे ४२ दिवस. ४२ दिवसांवरून २५ वर्षांचं कसं बोलायचं?

काचवाला | ७ जुलै, रात्री १०:५५

नुसता वाचत होतो, पण "काच आणि पॉलिआयसोब्यूटिलीन" वाचल्यावर लिहायला बसलो. अंधेरीत आमचं डबल ग्लेझिंगचं काम आहे. ऑफिसच्या इमारतींना दोन काचांच्या ज्या बंद खिडक्या असतात, त्या आम्ही बनवतो. पॉलिआयसोब्यूटिलीनला आमच्याकडे ब्यूटाइल म्हणतात आणि आमचं सगळं दुकान त्याच्यावर उभं आहे.

दोन काचांमध्ये कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, स्पेसर. तिच्यात ओल शोषणारे दाणे भरतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटाइलची ओळ, आणि बाहेरून सिलिकॉन सीलंटचा जाड भराव (हा रबरासारखा सिलिकॉन, पॅनेलमधलं सिलिकॉन वेगळं). नवीन माणसाला वाटतं की पाणी सिलिकॉन अडवतं. तसं नाही. सिलिकॉन पावसाचं पाणी अडवतो आणि काचा घट्ट धरून ठेवतो, पण हवेतली वाफ त्याच्यातून आरपार जाते. वाफेला रोखणारा ब्यूटाइल. तो मऊ असतो, त्याच्यात धरून ठेवायची ताकद नसते. दोघांची जोडी लागते.

पावसाळीताईंच्या काचा कडेने पिवळ्या पडल्या यात मला काहीच नवल वाटलं नाही. काचेच्या तोंडातून वाफ जातच नाही. सगळा खेळ कडेचा. आणि कडेपेक्षा कोपऱ्याचा, कारण ब्यूटाइलची ओळ वळताना कोपऱ्यावर पातळ होते. सौर पॅनेलमध्ये तर आणखी एक जागा असते: आतली वीज बाहेर आणणारी तार. जिथून तार बाहेर येते तिथून ओल आत जाते.

चाचणीच्या हिशेबाबद्दल काका, मी असा बघतो. वाफ आत ढकलतो तो बाष्पदाब. ८५ अंशाला ८५ टक्के म्हणजे साधारण ४९ किलोपास्कल. मुंबईच्या जुलैत २८ अंशाला ८५ टक्के म्हणजे सव्वातीनच्या आतबाहेर. जवळपास पंधरा पट. नुसत्या दाबाच्या हिशेबाने १००० तास म्हणजे मुंबईचे पाचेक पावसाळे झाले. शिवाय गरम ब्यूटाइलमधून वाफ जास्त वेगाने जाते, म्हणजे खरा आकडा पाचाच्या वर. १८०० तासांचे त्याच मापाने नऊ होतात. पंचवीस झाले नाहीत, पण ४२ दिवसही नाहीत.

निवृत्त_अभियंता | ८ जुलै, सकाळी ८:२०

काचवाला, हा हिशेब आवडला. असंच बोलायला हवं.

फक्त एक जोडतो. पॅनेल सतत २८ अंशाला नसतं. दुपारी ऊन पडलं की ते साठ अंशाला जातं, रात्री थंड होतं. रोज तापणं, रोज निवणं. तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, आणि सीलची कड रोज थोडी ओढली जाते. एकाच तापमानाला ठेवून केलेल्या चाचणीत हे दिसत नाही.

पावसाळी | ८ जुलै, सकाळी ११:३०

त्यासाठी उणे ४० ते ८५ अंशांची २०० आवर्तनं वेगळी असतात. पण उजेड, उष्णता आणि जोडलेला विजेचा भार (लोड) एकत्र आले की पेरोव्हस्काईट वेगळंच वागतं. आयोडाइडचे कण आतल्या आत सरकतात, रात्री काही परत जागेवर येतात. सिलिकॉनच्या जुन्या चाचण्यांत ही गोष्ट धरलेलीच नव्हती, म्हणून २०२० मध्ये पेरोव्हस्काईटसाठी वेगळ्या चाचणीपद्धतींवर जगभरच्या गटांचं एकमत झालं. त्यात दिवस-रात्रीचं चक्रही आहे.

आणि काचवाला यांच्याशी माझा इथेच मतभेद आहे. कड सगळं ठरवते असं म्हटलं की आम्ही रसायनवाल्यांनी घरी बसायचं! समजा कड शंभर टक्के बंद केली. बनवतानाच जी ओल, जो द्रावक आत राहिला त्याचं काय? फोडणींच्या आजींचा ओला हात? पदार्थ स्वतः दुबळा असेल तर डबा त्याला किती वाचवणार?

काचवाला | ८ जुलै, दुपारी २:१०

ताई, घरी कशाला बसता. पण माझं उलट म्हणणं ऐका. पदार्थ कितीही दणकट केला तरी तो ओल सहन करायला शिकतो, ओल थांबवत नाही. तुमची शाकारणी चार दिवसांची ओल चाळीस दिवसांवर नेईल. चाळीस दिवसांची चाळीस वर्षं करायची तर ओल येताच कामा नये.

सौरसखी | ८ जुलै, रात्री ९:०५

दोघांचंही बरोबर आहे आणि मधला एक माणूस राहिला: पॅनेल चिकटवणारा. मी ठाणे-मुंबईत रूफटॉपची कामं करते.

सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये पेशी आणि काच यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी ईव्हीए नावाचं चिकटवणारं प्लॅस्टिक असतं. त्याला ओल लागली की त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे आपलं व्हिनेगर. ते जोडण्या खातं. काही वर्षांपूर्वी व्हर्सोव्यात एका गच्चीवर मला बोलावलं होतं, दुसऱ्या कुणीतरी बसवलेली पॅनेलं. मागचा प्लॅस्टिकचा पडदा तडकलेला, जंक्शन बॉक्सच्या आत हिरवट गंज, कनेक्टर हातात घेताच सुटला. मालक आजी विचारत होत्या, "अगं, पंचवीस वर्षं सांगितली होती ना?" मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. समुद्राची खारी हवा आणि पाऊस यांनी सिलिकॉनच्या पॅनेलचं हे केलं होतं. पेशी आत शाबूत होत्या!

पेरोव्हस्काईटला ईव्हीए दोन कारणांनी चालत नाही. एक ते ॲसिड. दुसरं, ईव्हीए पक्कं व्हायला दीडशे अंशाच्या जवळ तापवावं लागतं आणि मिथाइलअमोनियमवाला पदार्थ तेवढ्या आचेवर फार वेळ तग धरत नाही. म्हणून पॉलिओलेफिन हे दुसरं प्लॅस्टिक वापरतात. त्यातून ॲसिड निघत नाही आणि वाफही कमी जाते. मागेही प्लॅस्टिकऐवजी काच. पदार्थ, चिकट थर, कड, तार. चारांतलं एक कच्चं राहिलं की बाकीचे तिघे फुकट.

लेन्सवाला_परळ | ८ जुलै, रात्री ९:४०

थोडं अवांतर. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशी धरू नये म्हणून मी पावसाळाभर सगळं घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत भाजून पुन्हा निळे करतो. पॅनेलमध्ये असे दाणे घालता येतील का?

काचवाला | ८ जुलै, रात्री १०:०२

कडेच्या सीलमध्येच ओल शोषणारी पूड मिसळलेली मिळते. पण दाण्यांची भूक ठरलेली असते. पोट भरलं की संपलं, आणि गच्चीवरचं पॅनेल फोडून कढईत भाजता येत नाही.

कोरडवाहू | ९ जुलै, सकाळी १०:१५

सगळे टिकण्याचं बोलत आहेत, शिशाचं कुणी बोलत नाही. आमच्या इमारतीत गच्चीचं पाणी साठवून बोअरला सोडतात. एखादं पॅनेल फुटलं आणि त्यावर मुंबईचा पाऊस पडला तर? माझ्या घरी लहान मूल आहे, मला ही भीती मनापासून वाटते.

पावसाळी | ९ जुलै, दुपारी १२:५०

कोरडवाहू, भीती रास्त आहे. मी ती हलकी करून सांगणार नाही, हिशेबच मांडते.

अर्ध्या मायक्रॉनचा थर, एक चौरस मीटर. घनता चारच्या थोडी वर, म्हणून वजन साधारण दोन ग्रॅम. त्यात शिसं एक तृतीयांश, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आत. सिलिकॉनच्या अनेक पॅनेलांमध्ये जोडण्यांच्या झाळकामात शिसं असतंच, त्यामुळे हे प्रमाण काही अचाट नाही.

पण झाळकामातलं शिसं पाण्यात सहज उतरत नाही. लेड आयोडाइड उतरतं, विसाव्या अंशाला लिटरमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका चौरस मीटरवरचं सगळं शिसं धुऊन न्यायला कागदोपत्री दोन लिटर पाणी पुरेल. मुंबईत एवढं पाणी पडायला एक सर खूप झाली. म्हणून काचेच्या आतल्या बाजूला आणि मागे शिसं धरून ठेवणारे थर देण्यावर काम चालू आहे, म्हणजे काच तडकली तरी शिसं तिथेच अडकेल. आणि जी कड ओल आत येऊ देत नाही, तीच शिसं बाहेर जाऊ देत नाही. काचवाला, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला एक पाऊल सरकले.

काचवाला | ९ जुलै, दुपारी १:३०

मीही एक पाऊल सरकतो. काच फुटल्यावर माझी कड काही कामाची नाही. तिथे तुमचं रसायनच हवं.

कोरडवाहू | ९ जुलै, दुपारी २:०५

ताई, आकड्यांसकट सांगितलंत, आभार. पॅनेल घेताना फुटल्यावर परत कोण नेणार हे करारात लिहून घ्यायचं, एवढं मी लक्षात ठेवलं.

गच्चीवरचा | १० जुलै, रात्री ९:२०

मंडळी, हे सगळं मी मुलाला, म्हणजे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या, वाचायला दिलं. त्याने दोन तास वाचलं आणि म्हणाला, "काका, मग घ्यायचं काय?" आमचा मूळ प्रश्न तिथेच आहे. थांबायचं की बसवायचं?

निवृत्त_अभियंता | १० जुलै, रात्री १०:४५

बसवा. सिलिकॉन. याच वर्षी.

पेरोव्हस्काईट विरुद्ध सिलिकॉन अशी मांडणीच तुमच्या सभेत चुकली. सिलिकॉनच्या पेशीची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के आहे. तिच्या डोक्यावर पेरोव्हस्काईटचा थर ठेवला की वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो आणि खालचं सिलिकॉन तांबडा आणि अवरक्त. अशा जोडपेशीने चीनच्या लोंगी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने जर्मनीत बनवलेली २४.५ टक्क्यांची जोडपॅनेलं अमेरिकेतल्या एका प्रकल्पाला पाठवली. म्हणजे उद्या जे येईल ते सिलिकॉनच्या खांद्यावर बसून येईल.

इतके दिवस मी शंका काढत होतो, पण काम चालू आहे हे मला दिसतं आणि त्याचा आनंद आहे. पवईला आयआयटीत फोटोव्होल्टाइकचं, म्हणजे सौरपेशींच्या संशोधनाचं, राष्ट्रीय केंद्र २०१० पासून आहे, तुमच्या मुलुंडपासून हाकेच्या अंतरावर. या दमट हवेत जे टिकवून दाखवतील ते कुठेही टिकेल.

तुमच्यापुरतं: पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॉटपर्यंत. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा धरा. सांगाडा चांगला गॅल्वनाइज्ड घ्या आणि पॅनेल सुटं काढता येईल असा बसवा. दहा-बारा वर्षांनी जोडपॅनेल घ्यावंसं वाटलं तर त्याच सांगाड्यावर चढवता येईल.

सौरसखी | १० जुलै, रात्री ११:०८

काकांना दुजोरा. एक भर: पॅनेल बसवायच्या आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या. नंतर सगळा सांगाडा उचलावा लागतो आणि तो खर्च कुणीच धरलेला नसतो. पॅनेल काच-काच घ्या, म्हणजे मागेही काच असलेलं.

काचवाला | ११ जुलै, सकाळी ९:००

गच्चीवरचा, तुमची गच्ची मला आणखी एका कामासाठी हवी आहे. मी चार छोट्या बंद काचा बनवून देतो, वीतभर लांबीच्या. आत लेन्सवाल्यांचे निळे दाणे, मोजून दहा-दहा. एकीला नुसता सिलिकॉन, दुसरीला नुसता ब्यूटाइल, तिसरीला दोन्ही, चौथीला दोन्ही आणि कडेतून बाहेर काढलेली एक तांब्याची पट्टी. पावसाळाभर टांगून ठेवा. तुमच्या सभासदांना कड म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल.

पावसाळी | ११ जुलै, सकाळी ९:२५

मी पाचवी आणते! माझ्या थराचा एक तुकडा, दोन्ही सील लावून, पण त्यात दाणे नकोत. शिसं आहे, म्हणून जाड पिशवीत बंद करून, आणि पाऊस संपला की मी परत घेऊन जाणार. कोरडवाहू, चालेल ना?

कोरडवाहू | ११ जुलै, सकाळी ९:५०

परत नेणार असाल तर चालेल. मीही बघायला येईन.

गच्चीवरचा | २४ ऑगस्ट, रात्री ८:३०

धागा वर काढतो आहे. ठराव मंजूर झाला, एका मताने नाही, सगळ्यांच्या मताने. २० किलोवॉट, काच-काच सिलिकॉन, आधी वॉटरप्रूफिंग. दिवाळीनंतर काम सुरू.

आता काचांचं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पाचही टांगून सहा आठवडे होत आले. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रोज सकाळी फोटो काढतो. नुसत्या सिलिकॉनवाल्या काचेतले दाणे अकराव्या दिवशी फिके व्हायला लागले, आज दहाच्या दहा गुलाबी आहेत. नुसता ब्यूटाइल लावलेली काच उन्हाने एका बाजूला सरकली आणि त्या कोपऱ्यातले तीन दाणे गुलाबी झाले. दोन्ही सीलवाली अजून पूर्ण निळी.

तांब्याच्या पट्टीवाल्या काचेत नऊ दाणे निळे आहेत. दहावा, पट्टीच्या अगदी शेजारचा, परवापासून जांभळट दिसतो आहे.

पावसाळीताईंचा तुकडा काळाच आहे.

पावसाळी | २४ ऑगस्ट, रात्री ८:४१

शनिवारी येते. त्या दहाव्या दाण्याचा फोटो जवळून काढून ठेवाल का, पट्टी दिसेल असा?